देवनागरी अक्षरांची हस्तकला: नवशिक्यांसाठी पाच प्रकल्प आणि अक्षर बिघडू नये म्हणून काय पाहावे

सोशल मीडियावर 'हँड लेटरिंग' असा शोध घेतला की शेकडो छोटे व्हिडिओ समोर येतात. ग्रीटिंग कार्ड, कापडी पिशवी, दारावरची पाटी, वाढदिवसाच्या पताका असे सगळे काही त्यांत पाच मिनिटांत तयार होते. यातले बहुतेक व्हिडिओ रोमन अक्षरांसाठी बनवलेले असतात. त्यातल्या युक्त्या जशाच्या तशा मराठीला लावल्या की कुठे शिरोरेखा तुटते, कुठे वेलांटी भलत्याच जागी जाते, तर कुठे 'शुभ'चे 'शुम' होते. दोष हाताचा किंवा कलेचा नसतो. रोमन अक्षरे तळरेषेवर उभी राहतात आणि देवनागरी अक्षरे वरच्या रेषेला लटकतात. हा एक फरक नीट समजला की नवशिक्यांच्या बहुतेक चुका टळतात.

हा लेख तीन भागांत आहे. अक्षराची मूलभूत माहिती, फॉन्ट निवडताना करायच्या तपासण्या आणि घरी करता येतील असे पाच प्रकल्प.

फॉन्ट, सुलेखन आणि अक्षररेखाटन यांत फरक काय?

बोलताना हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण ती तीन वेगळी कामे आहेत.

फॉन्ट म्हणजे संगणकासाठी आधीच तयार केलेला अक्षरसंच. त्यात 'क' प्रत्येक वेळी तसाच उमटतो. र. कृ. जोशी हे या क्षेत्रातले मोठे नाव. विंडोज संगणकांवर अनेक वर्षे दिसणारा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांनीच आखला.

सुलेखन म्हणजे बोरू, टाक किंवा ब्रशच्या फटकाऱ्याने लिहिलेले अक्षर. त्यातला जाड-बारीकपणा हत्याराच्या टोकामुळे येतो. अच्युत पालव यांनी मोडी लिपीचा अभ्यास करून देवनागरी आणि मोडी यांच्या मेळातून 'मुक्तलिपी' घडवली, ती याच परंपरेतली.

अक्षररेखाटन म्हणजे अक्षर लिहिण्याऐवजी चित्रासारखे काढणे. आधी पेन्सिलीने बाह्यरेषा काढायची, खोडायची, सुधारायची आणि मग रंग भरायचा. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षके हे याचे घरोघरी पोहोचलेले उदाहरण. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी अशी असंख्य शीर्षके रेखाटली. नाटकाचा स्वभाव त्याच्या नावाच्या अक्षरांतूनच कळावा, अशी त्यांची पद्धत होती.

नवशिक्याने सुरुवात कुठूनही करावी. सर्वांत सोपा मार्ग मात्र तिन्ही एकत्र करण्याचा आहे. फॉन्टवरून अक्षराचे वळण समजून घ्यावे, ते हाताने रेखाटावे आणि सराव झाला की थेट लिहावे.

अक्षराच्या चार गोष्टी

१. शिरोरेखा. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढत आणि मग तिला अक्षरे लटकवत. देवनागरीच्या सरावासाठीही ही सवय उपयोगी आहे. पेन्सिलीने फिकट रेघ ओढली की अक्षरे वर-खाली होत नाहीत. पक्की शिरोरेखा मात्र पट्टीने एका दमात ओढू नये. 'भ', 'ध' आणि 'थ' या अक्षरांवर ती तुटक असते. सरसकट रेघ मारली की 'भ' हा 'म'सारखा आणि 'ध' हा 'घ'सारखा वाचला जातो. दिवाळीच्या कार्डावर 'शुम' दिसते ते बहुधा यामुळेच.

२. जाड-बारीकपणाचा कोन. चपट्या टोकाच्या पेनने लिहिताना रोमन आणि देवनागरीचे कोन एकमेकांच्या उलट असतात. देवनागरीच्या पारंपरिक वळणात टोकाची कड वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे झुकलेली असते. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ सर्वांत जाड उमटते. वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी, म्हणजे 'र'च्या पायासारखी रेघ बारीक येते. काना आणि शिरोरेखा मधल्या जाडीच्या राहतात. उजव्या हाताला हा कोन अवघड जातो, म्हणून देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरके कापतात. रोमनसाठी विकल्या जाणाऱ्या संचातल्या निबेने लिहिलेले मराठी अक्षर 'परके' वाटते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

३. वरची आणि खालची जागा. मराठी ओळीला तीन मजले असतात. वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार. मध्ये मूळ अक्षर. खाली उकार आणि काही जोडाक्षरांचे पाय. मधल्या मजल्याची उंची टोकाच्या रुंदीच्या साधारण पाचपट ठेवून सुरुवात करावी. वर आणि खाली त्याच्या निम्मी जागा सोडावी. कार्डावर आधी मधला मजला कडेपर्यंत ताणला, की 'र्की' किंवा 'कू' लिहायला जागाच उरत नाही.

४. एकक म्हणजे अक्षर. रोमनमध्ये शब्द सुट्या वर्णांत तुटतो. मराठीत व्यंजन, त्याला जोडलेले व्यंजन आणि स्वरचिन्ह मिळून एक अक्षर होते. 'शुभेच्छा' या शब्दाचे तुकडे शु, भे आणि च्छा असे तीनच. पताका, ठोकळे किंवा मणी यांवर शब्द बसवताना हाच हिशेब धरायचा.

फॉन्ट निवडताना

गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे अनेक सजावटी फॉन्ट मोफत मिळतात. त्यांतले काही हस्तकलेसाठी विशेष सोयीचे आहेत.

• मोदक: नावाप्रमाणेच गुबगुबीत. अक्षरांच्या आतली पोकळी म्हणजे जेमतेम एक बारीक फट. लहान मुलांच्या खोलीसाठी छान. स्टेन्सिलसाठी अवघड.
• बलू: जाड आणि गोलाई असलेला. कापायला आणि रंगवायला सोपा.
• यात्रा वन: मुंबईच्या लोकल स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरित. यातली रोमन अक्षरेही देवनागरीच्या कोनाने आखली आहेत. वर सांगितलेला कोनाचा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर हा फॉन्ट जरूर पाहावा.
• जैनी: कल्पसूत्राच्या १५०३ सालच्या जैन हस्तलिखितातील वळणावर आधारित. पत्रिका आणि भेटकार्डांना शोभतो.
• कलम: रोजच्या हस्ताक्षरासारखा. चिठ्ठ्या, डब्यांवरची लेबले आणि वहीची पाने यांसाठी.

हे फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली आहेत. त्यांचा वापर करून बनवलेली पाटी किंवा पिशवी विकायला हरकत नाही. नुसता फॉन्ट मात्र विकता येत नाही. इतर संकेतस्थळांवर 'फ्री' लिहिलेला फॉन्ट अनेकदा फक्त वैयक्तिक वापरापुरता मोफत असतो. वस्तू विकायची असेल तर परवान्याची फाइल आधी वाचावी.

देखणा फॉन्ट मराठीसाठी पूर्ण असेलच असे नाही. प्रिंट काढण्यापूर्वी पुढील अक्षरे टाइप करून पाहावीत: ळ, ल, श, ॲ, ऑ, दऱ्या, ऱ्हास, कृ, हृ, रु, रू, क्ष, ज्ञ, द्ध, ट्ट. त्यांत काय पाहायचे ते असे:

• ल आणि श: मराठी आणि हिंदी वळणांत फरक आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही रूपे स्वीकारली. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी रूप दिसत नाही. त्यामुळे फॉन्ट बदलण्याआधी भाषेचे सेटिंग बदलून पाहावे.
• ऱ्य: 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या, 'दर्या' म्हणजे समुद्र. फॉन्टने पहिल्याचे दुसरे केले तर अर्थच बदलतो. 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असलेले आडनाव पाटीवर येणार असेल तर ही तपासणी सर्वांत आधी करावी.
• ॲ: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते. पाटीवर 'ॲड.' लिहिणाऱ्या वकिलांना हे महत्त्वाचे.

वेलांटी अक्षराच्या मागे उमटत असेल किंवा जोडाक्षरे पाय मोडून सुटी दिसत असतील, तर दोष बहुधा फॉन्टचा नसून सॉफ्टवेअरचा असतो. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' हा पर्याय निवडला की देवनागरीची जोडणी नीट होते. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवल्यावर निरर्थक चिन्हे दिसतात, कारण ते युनिकोड नाहीत. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा किंवा सरळ पुन्हा टाइप करावा.

शेवटची गोष्ट म्हणजे अक्षरांमधले अंतर. इंग्रजी शब्द 'मोकळा' दिसावा म्हणून लेटर स्पेसिंग वाढवतात. मराठीत तसे केले की शिरोरेखेचे तुकडे पडतात. ते अंतर शून्य ठेवावे. मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमधली आणि ओळींमधली जागा वाढवावी.

प्रकल्प १: वाचनखूण

*साहित्य:* दोन पेन्सिली, रबरबँड, जाड कार्डपेपर, काळे जेल पेन, रंग.

दोन पेन्सिलींची टोके एका पातळीत ठेवून त्या रबरबँडने बांधाव्यात. दोन टोकांमधले अंतर म्हणजे जणू चपट्या निबेची रुंदी. टोके जोडणारी काल्पनिक रेघ वर सांगितल्याप्रमाणे तिरकी धरून आधी काना, शिरोरेखा, 'र' आणि 'व' यांचा सराव करावा. कोन हातात बसेपर्यंत कागद थोडा फिरवून घेतला तरी चालतो.

पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब पट्टी कापून तिच्यावर एक छोटा शब्द लिहावा. प्रत्येक फटकाऱ्याच्या दोन समांतर रेषा उमटतात. त्यांची टोके जेल पेनने जोडावीत, आत रंग भरावा आणि पेन्सिलीच्या खुणा खोडाव्यात. पहिल्या प्रयत्नासाठी 'सर', 'रव', 'वन' असे बिनमात्रेचे शब्द सोपे पडतात.

हाच सराव पुढे आइस्क्रीमच्या लाकडी काडीने करता येतो. काडीचे टोक तिरके कापून शाईत किंवा पातळ केलेल्या पोस्टर कलरमध्ये बुडवले की घरगुती बोरू तयार होतो.

प्रकल्प २: भेटकार्ड

*साहित्य:* २५० ते ३०० जीएसएमचा कार्डपेपर, पेन्सिल, बारीक आणि जाड टोकाची पेने.

ज्यांच्याकडे चपटी निब नाही त्यांच्यासाठी ही पद्धत आहे. शब्द साध्या पेनने सावकाश आणि मोठा लिहावा. मग जिथे रेघ जाड हवी तिथे शेजारी दुसरी रेघ काढून मधली जागा भरावी.

रोमनसाठीच्या व्हिडिओंत 'खाली येणारी प्रत्येक रेघ जाड करा' असा नियम सांगतात. मराठीत तो पुरत नाही. 'र'चा पायही खालीच येतो, पण तो बारीक राहायला हवा. त्याऐवजी असा नियम धरावा: उजवीकडून खाली डावीकडे येणारे वळण सर्वांत जाड, काने आणि शिरोरेखा मध्यम, डावीकडून खाली उजवीकडे जाणारी रेघ बारीक. उकार, मात्रा आणि रफार यांची जाडी मूळ अक्षरापेक्षा थोडी कमी ठेवली की शब्द डोईजड दिसत नाही.

शाई वाळल्याखेरीज पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. चकचकीत कागदावर शाई लवकर वाळत नाही आणि पसरते, त्यामुळे मॅट कागद घ्यावा.

प्रकल्प ३: पताकांचे तोरण

*साहित्य:* रंगीत कार्डपेपर, सुतळी, पंच, प्रिंट किंवा ब्रश पेन.

आधी शब्दाची अक्षरे मोजावीत. 'स्वागत'ला तीन पताका लागतात: स्वा, ग, त. 'अभिनंदन'ला पाच: अ, भि, नं, द, न. 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' या दोन शब्दांना सहा आणि तीन मिळून नऊ. दोन शब्दांच्या मध्ये एक कोरी पताका ठेवावी.

'च्छा'चे 'च्' आणि 'छा' असे दोन तुकडे दोन पताकांवर टाकू नयेत. वेलांटी किंवा काना वेगळ्या पताकेवर तर अजिबात नको.

सर्व पताकांवर शिरोरेखा एकाच उंचीवर यावी म्हणून प्रत्येकीवर वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर पेन्सिलीने खूण करावी. ती कडेपासून निदान चार सेंटिमीटर खाली हवी, नाहीतर 'भे'ची मात्रा आणि 'नं'चा अनुस्वार पंचाच्या भोकांत अडकतात. तोरण टांगल्यावर सुतळीला झोळ येतो, पण पताका जवळजवळ ओवल्या तर शब्द सलग वाचता येतो.

प्रकल्प ४: रांगोळी किंवा पिशवीसाठी स्टेन्सिल

*साहित्य:* पारदर्शक प्लास्टिक शीट, धारदार कटर, कापण्यासाठी जाड पुठ्ठा, सेलोटेप.

स्टेन्सिलमध्ये अक्षराचा भाग कापून काढायचा असतो. अक्षरात सगळीकडून बंद झालेली पोकळी असेल तर ती 'बेटा'सारखी गळून पडते. रोमनमध्ये अशी अक्षरे मोजकीच आहेत. मराठीत 'प', 'म', 'ष' यांच्या पोटावर शिरोरेखेचे झाकण बसते आणि पोकळी बंद होते. 'व' आणि 'ब' यांचे पोट तर मुळातच बंद असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे बेट आणि बाहेरची शीट यांना जोडणारी तीन-चार मिलिमीटरची पट्टी न कापता सोडणे. ही पट्टी कुठे सोडायची ते कापण्यापूर्वी मार्करने आखून ठेवावे. दुसरा उपाय म्हणजे स्टेन्सिलमध्ये शिरोरेखा कापूच नये आणि रंग किंवा रांगोळी भरल्यावर ती हाताने ओढावी. रांगोळीसाठी हा उपाय जास्त देखणा दिसतो.

कापडी पिशवीवर रंगवायचे असेल तर पिशवी आधी धुऊन कापडातली खळ काढावी. आत पुठ्ठा घालावा, म्हणजे रंग मागच्या बाजूला उतरत नाही. फॅब्रिक कलर स्पंजने उभा टेकवत लावावा. ब्रशने ओढला तर तो स्टेन्सिलच्या कडेखाली शिरतो. पूर्ण वाळल्यावर रंगाच्या बाटलीवरील सूचनेप्रमाणे उलट बाजूने इस्त्री करावी.

रंगाऐवजी इस्त्रीने चिकटणारा ट्रान्सफर पेपर वापरायचा असेल तर सूचना नीट वाचाव्यात. फिकट कापडासाठीच्या कागदावर मजकूर आरशातल्यासारखा उलटा छापावा लागतो. गडद कापडासाठीच्या कागदावर तो सरळच छापतात.

विनाइल कापणारे यंत्र वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फॉन्टमधील प्रत्येक अक्षर शिरोरेखेचा आपापला तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पडद्यावर रेघ अखंड दिसते, पण यंत्र प्रत्येक तुकड्याची कड कापते. म्हणून कापण्याआधी 'वेल्ड' हा पर्याय वापरून सगळा शब्द एकच आकार करून घ्यावा.

प्रकल्प ५: दारावरची पाटी

*साहित्य:* लाकडी फळी किंवा प्लाय, पॉलिश पेपर, प्रायमर, अॅक्रिलिक रंग, मास्किंग टेप, पाणीरोधक वॉर्निश.

फळी आधी १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमरचा हात द्यावा. नाव निवडलेल्या फॉन्टमध्ये पाटीच्या आकाराइतके प्रिंट करावे. प्रिंटच्या मागच्या बाजूला मऊ, म्हणजे ६बी पेन्सिल घासावी किंवा कार्बन पेपर ठेवावा. कागद फळीवर टेपने पक्का करून अक्षरांच्या कडा गिरवल्या की आकार लाकडावर उतरतो.

रंगवताना शिरोरेखा सर्वांत शेवटी घ्यावी. तिच्या वर आणि खाली मास्किंग टेप लावला की ती सरळ येते. 'भ', 'ध', 'थ' जिथे असतील तिथे टेपचा छोटा तुकडा आडवा लावून खंड राखावा. रंग पूर्ण वाळण्याआधी, तो किंचित ओलसर असतानाच टेप काढावा, म्हणजे कडा उखडत नाहीत. शेवटी वॉर्निशचे दोन पातळ हात द्यावेत.

नाव रंगवण्यापूर्वी ते ज्याचे आहे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. 'सुनिता' की 'सुनीता', 'पुजा' की 'पूजा' हे त्या व्यक्तीने ठरवायचे असते. पाटी वर्षानुवर्षे टिकते, आणि तिच्यावरची चुकीची वेलांटीही.

काम सुरू करण्याआधीची यादी

• फॉन्टमध्ये ळ, ॲ, ऱ्य आणि नावातली सर्व जोडाक्षरे नीट उमटतात का?
• ल आणि श मराठी वळणाचे आहेत का?
• भ, ध, थ यांवर शिरोरेखा तुटक आहे का?
• मात्रा आणि उकारांसाठी वर-खाली जागा सोडली आहे का?
• अक्षरांमधले अंतर शून्य आहे का?
• ट्रान्सफर पेपर असेल तर सरळ छापायचे की उलटे, हे पाहिले का?
• ज्याने हे काम पाहिलेले नाही अशा कुणाकडून शब्द मोठ्याने वाचून घेतला का?

शेवटचा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. तासभर त्याच शब्दावर काम केल्यावर करणाऱ्याला तिथे काय लिहायचे होते तेच दिसते. दुसऱ्याला मात्र कागदावर काय उमटले आहे ते दिसते. त्याने न अडखळता वाचले, तर रंगाची बाटली उघडायला हरकत नाही.